बाबासाहेबांचा रुपया

डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? निळा कोट, हातात राज्यघटना आणि पुढे केलेलं बोट. चौदा एप्रिलला आपण फोटोला हार घालतो, दोन भाषणं ऐकतो आणि परत सबमिशनच्या मागे लागतो. त्यांच्या नावापुढे पदव्यांची जी लांबलचक रांग असते, तिच्यातली डी.एस्सी. ही पदवी त्यांना कशासाठी मिळाली, असं मी हॉस्टेलवर सात-आठ जणींना विचारून पाहिलं. कोणी कायदा म्हणालं, कोणी जातिव्यवस्था म्हणालं, एकीने तर सरळ राज्यघटनाच सांगितली. खरं उत्तर आहे रुपया! रुपया आणि ब्रिटिश पौंड यांच्यातला दर कसा ठरला, कोणी ठरवला आणि त्यात कोणाचा खिसा कापला गेला, यावर त्यांनी लंडनमध्ये थिसिस लिहिला. या लेखात बाबासाहेबांचं सगळं चरित्र मावणार नाही. रुपयाच्या बाजूने जेवढं दिसतं तेवढंच सांगते.

आता तुम्ही म्हणाल, इंजिनिअरिंगच्या मासिकात हे कशाला? तर आपल्या हॉस्टेलवर जीआरईची तयारी करणारे सिनिअर्स पेपर हातात आला की आधी डॉलरचा भाव बघतात. भाव वर गेला की घरी फोन, खाली आला की कॅन्टीनमध्ये चहा. शंभर वर्षांपूर्वी परळच्या चाळीतला एक विद्यार्थी याच काळजीत होता. फरक इतकाच की त्याने नुसती काळजी केली नाही, त्या भावाचीच उलटतपासणी घेतली.

चांदीचा रुपया, सोन्याचा पौंड

आधी थोडं गणित. घाबरू नका, एम-थ्रीपेक्षा सोपं आहे! जुन्या पौंडात २० शिलिंग आणि एका शिलिंगात १२ पेन्स, म्हणजे एका पौंडाचे २४० पेन्स. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे शिलिंग-पेन्सची ओळख लहानपणी इंग्रजी गोष्टींच्या पुस्तकांतच झाली होती. आपला रुपया १६ आण्यांचा. त्या काळी हुंडणावळ, म्हणजे विनिमय दर, एका रुपयाला किती शिलिंग-पेन्स असा सांगत. त्यामुळे आकडा मोठा झाला की रुपया महाग आणि लहान झाला की स्वस्त. आपण आज एका डॉलरला किती रुपये असं म्हणतो, त्याच्या बरोबर उलट. एवढं लक्षात ठेवलं की पुढचं सगळं कळतं.

१८३५ च्या कायद्याने रुपया १८० ग्रेन वजनाचा झाला आणि त्यात १६५ ग्रेन शुद्ध चांदी असायची. ब्रिटिश पौंड मात्र सोन्याचा, त्यात साधारण ११३ ग्रेन शुद्ध सोनं. म्हणजे रुपया आणि पौंड यांच्यातला दर खरं तर चांदी आणि सोनं यांच्यातला दर होता. बरीच वर्षं सोनं चांदीच्या साडेपंधरा पट महाग राहिलं. १६५ ला १५.५ ने भागा, मग ११३ ने भागा आणि २४० ने गुणा. उत्तर येतं साडेबावीस पेन्सच्या आसपास. १८७१-७२ मध्ये बाजारातला दर सुमारे २३ पेन्स होता. म्हणजे कॅल्क्युलेटर आणि इतिहास दोघांचं उत्तर जुळतं!

मग गडबड कुठे झाली? १८७१ नंतर जर्मनीने चांदी सोडून सोन्याचं चलन घेतलं. त्यापाठोपाठ फ्रान्स आणि युरोपातले आणखी देश चांदीची नाणी पाडायचं बंद करू लागले. चांदीला गिऱ्हाईक कमी झालं, खाणींतून माल मात्र येतच राहिला. चांदी घसरली आणि तिच्याबरोबर रुपयाही घसरला. १४ एप्रिल १८९१ रोजी महू इथे सुभेदार रामजी सकपाळ यांच्या घरी भीमरावांचा जन्म झाला, त्या आर्थिक वर्षात रुपया १७ पेन्सच्याही किंचित खाली होता. पुढच्या वर्षी तो १५ पेन्सवर आला.

याचा त्रास कोणाला? हिंदुस्थान सरकारला दरवर्षी इंग्लंडमध्ये मोठी रक्कम पौंडांत भरावी लागायची. गोऱ्या अधिकाऱ्यांची पेन्शनं, रेल्वेच्या कर्जाचं व्याज, सैन्याचा खर्च. रुपया २४ पेन्सचा असताना एका पौंडाला १० रुपये पुरायचे, १५ पेन्सचा झाल्यावर १६ रुपये लागायला लागले. हे जास्तीचे रुपये रयतेकडूनच वसूल होणार. १८८८ मध्ये मिठावरचा कर मणाला दोन रुपयांवरून अडीच रुपये झाला. लंडनमध्ये चांदीचा भाव पडतो आणि कोकणातल्या म्हातारीची भाकरी अळणी होते, असा हा हिशोब होता.

शेवटी २६ जून १८९३ रोजी सरकारने टांकसाळी लोकांसाठी बंद केल्या. तोपर्यंत कोणीही चांदी नेऊन रुपये पाडून घेऊ शकत असे. आता किती रुपये पाडायचे हे फक्त सरकार ठरवणार. रुपयांची टंचाई करून करून १८९८ पर्यंत दर १६ पेन्सवर, म्हणजे १ शिलिंग ४ पेन्सवर आणला गेला आणि १८९९ मध्ये एका पौंडाला १५ रुपये असं कायद्याने ठरलं. टांकसाळी बंद झाल्या तेव्हा भीमराव दोन वर्षांचे होते. पुढे तीस वर्षांनी ही तारीख त्यांच्या थिसिसचा कणा होणार होती.

साडेअकरा पौंडांची स्कॉलरशिप

बालपणीच्या गोष्टी आपण शाळेत वाचल्या आहेत. साताऱ्याच्या शाळेत वेगळं बसणं, बसायला घरून तरट नेणं, वरून कोणी पाणी ओतलं तरच पिणं. आई भीमाबाई लवकर गेल्या. वडिलांनी मात्र अभ्यासात हयगय होऊ दिली नाही. मुंबईत परळच्या चाळीतल्या लहानशा खोलीत राहून त्यांनी एल्फिन्स्टन हायस्कूलमधून १९०७ मध्ये मॅट्रिक केलं आणि पुढे एल्फिन्स्टन कॉलेजातून अर्थशास्त्र व राज्यशास्त्र घेऊन बी.ए. केलं. फेब्रुवारी १९१३ मध्ये वडीलही गेले.

त्याच वर्षी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी अमेरिकेत शिकायला स्कॉलरशिप दिली. महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षं. अट अशी की परत आल्यावर बडोदा संस्थानची नोकरी करायची. १५ रुपयांच्या दराने हे होतात १७२ रुपये ८ आणे. डॉलरमध्ये साधारण ५६. त्यातून न्यूयॉर्कची फी, राहणं, जेवण आणि वर घरी रमाबाईंना पैसे! या पैशांत ते कोलंबिया विद्यापीठात अक्षरशः तुटून पडले. अर्थशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास, सगळे कोर्सेस घेतले. १९१५ मध्ये एम.ए. झाले, १९१६ मध्ये जातींवरचा प्रसिद्ध निबंध वाचला, पीएच.डी.चा प्रबंधही लिहून दिला. जुनी पुस्तकं विकत घेण्याचं वेड मात्र सुटलं नाही.

ऑक्टोबर १९१६ मध्ये ते लंडनला आले आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स व ग्रेज इन अशा दोन्हीकडे नाव घातलं. पण १९१७ मध्ये स्कॉलरशिपची मुदत संपली. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी घेऊन त्यांना निघावं लागलं. पहिलं महायुद्ध चालू होतं. त्यांची पुस्तकं ज्या बोटीवर होती ती जर्मन पाणबुडीने बुडवली. उपाशी राहून जमवलेली पुस्तकं समुद्रात!

करारानुसार ते बडोद्याला गेले. कोलंबियात शिकून आलेल्या या माणसाला त्या शहरात राहायला खोली मिळाली नाही. एका पारशी सराईत जात न सांगता राहिले, ते कळल्यावर काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढलं. ऑफिसमधले शिपाई फायली लांबून टाकत. थोड्याच दिवसांत ते मुंबईला परतले. हॉस्टेलची रूम मिळाली नाही म्हणून आपण रेक्टरच्या नावाने बोंब मारतो, तेव्हा मला हा प्रसंग आठवतो.

दोन शिलिंगांचा फुगा

१९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. पगार महिना ४५० रुपये. पण डोक्यात एकच, लंडनचं अर्धवट राहिलेलं शिक्षण. चाळीतच राहायचं, काटकसर करायची आणि पैसे साठवायचे. जानेवारी १९२० मध्ये 'मूकनायक' सुरू केलं, त्यालाही कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत झाली. शेवटी स्वतःची शिल्लक, शाहू महाराजांचं साहाय्य आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून ५ हजार रुपये कर्ज, असं सगळं जुळवून जुलै १९२० मध्ये ते लंडनला निघाले.

आता त्या वेळी रुपयाचं काय चाललं होतं ते बघा, कारण गंमत इथे आहे. (गंमत म्हणायची, पण ज्याच्यावर आली त्याला विचारा.) युद्धात चांदी भयंकर महाग झाली. रुपयातल्या चांदीची किंमत रुपयापेक्षा जास्त होईल, लोक नाणी वितळवतील, या भीतीने सरकार १९१७ पासून दर वाढवत गेलं. डिसेंबर १९१९ मध्ये रुपया २ शिलिंग ४ पेन्सवर पोहोचला होता. बॅबिंग्टन स्मिथ समितीने शिफारस केली की रुपया सोन्याच्या हिशोबात २ शिलिंगवर कायम करा. समितीवरचे एकटे भारतीय सभासद दादिबा मेरवानजी दलाल यांनी वेगळं मत लिहिलं, जुना १ शिलिंग ४ पेन्सच ठेवा. त्यांचं कोण ऐकतो!

१९२० मध्ये चांदी पडली, व्यापार उलटला आणि जो तो रुपये देऊन पौंड घ्यायला धावला. दर टिकवायला सरकारने लंडनमध्ये ठेवलेला राखीव निधी विकायला काढला. जवळपास साडेपाच कोटी पौंड विकले! बाबासाहेब बोटीत बसले त्या जुलैत सरकार रुपयाला २ शिलिंगवर धरून ठेवायची धडपड करत होतं. सप्टेंबरच्या अखेरीस हात टेकले आणि विक्री थांबवली. १९२१ मध्ये रुपया १ शिलिंग ४ पेन्सच्याही खाली होता.

मी एक हिशोब करून पाहिला. नुसत्या त्या कर्जाच्या ५ हजारांचाच. २ शिलिंगच्या दराने त्याचे ५०० पौंड होतात. १ शिलिंग ४ पेन्सने फक्त ३३३. मधले १६७ पौंड म्हणजे जुन्या स्कॉलरशिपचे चौदा महिने! मुंबईहून पैसे मागवणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यासाठी वर्षभरात हा खड्डा पडला होता. त्यांचे पैसे नेमके कोणत्या दिवशी बदलले गेले यावर त्यांचा फायदा-तोटा ठरणार, पण हिंदुस्थानातून येणारा प्रत्येक नवा रुपया आता लंडनमध्ये लहान होऊन पोहोचत होता एवढं नक्की.

त्यांचं लंडनमधलं राहणं त्यांच्या चरित्रांत आलेलं आहे. सकाळी ब्रेडचा तुकडा, थोडा मासा आणि बोव्हरिलचा कप. मग सकाळपासून संध्याकाळपर्यंत ब्रिटिश म्युझिअमच्या लायब्ररीत. दुपारी जेवायला पैसे नाहीत. रात्री एका ओळखीच्या माणसाने दिलेले पापड भाजून खायचे आणि पहाटेपर्यंत वाचायचं. आपल्या मेसच्या जेवणाबद्दल मी या वेळी काही लिहिणार नाही. १९२१-२२ मध्ये ते ज्या घरात राहत ते १०, किंग हेन्रीज रोड हे घर २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने विकत घेतलं आणि तिथे आता स्मारक आहे.

इकडे परळच्या खोलीत रमाबाई काटकसरीने घर रेटत होत्या. घरखर्च रुपयात, शिक्षण पौंडात, आणि मध्ये हा वरखाली होणारा दर.

थिसिस परत आला

१९२१ मध्ये त्यांना एम.एस्सी. मिळाली आणि ऑक्टोबर १९२२ मध्ये त्यांनी डी.एस्सी.चा प्रबंध दिला, 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी'. त्यांचे गाईड प्रा. एडविन कॅनन.

त्या वेळी चलनाच्या विषयात सगळ्यात मोठं नाव होतं जॉन मेनार्ड केन्स. केन्सने १९१३ मध्ये हिंदुस्थानच्या चलनावर पुस्तक लिहून इथल्या पद्धतीची तारीफ केली होती. देशात चांदीचा किंवा कागदाचा रुपया फिरू दे, सोनं लंडनला राखीव ठेवा आणि दर सांभाळा, म्हणजे स्वस्तात काम होतं. याला सुवर्ण विनिमय परिमाण म्हणत. तिशीतल्या बाबासाहेबांनी थेट केन्सच्या मताविरुद्ध उभं राहून सांगितलं की ही पद्धत धोक्याची आहे.

त्यांचा मुद्दा आपल्या भाषेत सांगायचा तर असा. स्टीम इंजिनला गव्हर्नर असतो. वेग वाढला की तो आपोआप वाफ कमी करतो. रुपयाच्या इंजिनला गव्हर्नरच नव्हता. टांकसाळीची किल्ली सरकारच्या हातात, आणि सरकारला पैसे लागले की रुपये पाडायचा मोह होणार. रुपये वाढले की देशातली महागाई वाढणार, आणि महागाई वाढली की एक ना एक दिवस बाहेरचा दरही कोसळणार. म्हणजे लंडनमध्ये राखीव निधी ठेवून दराला टेकू देणं हा रोगाच्या लक्षणावरचा उपाय आहे. रुपयाने देशात किती धान्य, किती कापड येतं हे स्थिर ठेवा, बाहेरचा दर त्याच्या मागून येईल. १९२० चा फुगा फुटला तेव्हा हे सगळ्या जगाला दिसलं.

दुसरा मुद्दा मला त्याहून मोठा वाटतो. त्या काळी बरेच लोक म्हणत की रुपया स्वस्त झाला की देशाचं भलं होतं, कारण निर्यात वाढते. बाबासाहेबांनी विचारलं, हा फायदा येतो कुठून? रुपया घसरला की वस्तूंच्या किमती लगेच वाढतात, मजुरी मात्र मागून, रखडत वाढते. मधल्या काळात मालकाला भाव जास्त मिळतो आणि मजुराला तोच पगार. म्हणजे हा फायदा परदेशातून येत नाही, तो आपल्याच देशातल्या मजुराच्या ताटातून उचललेला असतो. एका वर्गाचा नफा दुसऱ्या वर्गाचा तोटा करून निघतो आणि त्याला देशाचा फायदा असं नाव मिळतं. हे लिहिणारा माणूस गिरणगावाच्या चाळीत राहिलेला होता, हे विसरू नका.

परीक्षकांनी प्रबंध परत पाठवला. ब्रिटिश राज्यकारभारावरची टीका फार जहाल झाली होती, ती मांडणी बदलून द्या, असं सांगण्यात आलं. आपला रिपोर्ट एकदा परत आला तर आपण दोन दिवस जेवत नाही. त्यांच्याजवळचे तर पैसेच संपले होते. एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईला परतले, इथे बसून दुरुस्त्या केल्या आणि प्रबंध पुन्हा लंडनला पाठवला. निष्कर्ष तेच ठेवले. १९२३ च्या अखेरीस डी.एस्सी. मिळाली आणि डिसेंबरमध्ये लंडनच्या पी. एस. किंग अँड सन यांनी पुस्तक छापलं. प्रा. कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली, आणि आपल्या विद्यार्थ्याची काही मतं आपल्याला पटत नाहीत हे त्यात मोकळेपणाने मान्य केलं. असे गाईड मिळायलाही भाग्य लागतं! हे पुस्तक बाबासाहेबांनी आपल्या आईवडिलांच्या स्मृतीला अर्पण केलं आहे.

सोळा की अठरा?

१९२५ मध्ये सरकारने आणखी एक रॉयल कमिशन नेमलं, हिल्टन यंग कमिशन. रुपयाचा दर आता कायमचा किती ठेवायचा? त्या वेळी बाजारात तो १ शिलिंग ६ पेन्सपर्यंत, म्हणजे अठरा पेन्सपर्यंत आला होता. मुंबईचे गिरणीमालक आणि व्यापारी म्हणत होते, सोळा पेन्स. सरकार म्हणत होतं, अठरा. सोळाच्या बाजूला राष्ट्रीय भावनाही होती, कारण अठरा पेन्समुळे विलायती माल स्वस्त होतो असं सगळे सांगत.

१५ डिसेंबर १९२५ रोजी बाबासाहेबांनी कमिशनपुढे साक्ष दिली. त्यांची योजना चार कलमांची होती. रुपये पाडायची टांकसाळ लोकांप्रमाणे सरकारसाठीही बंद करा. सोन्याचं नाणं पाडणारी टांकसाळ उघडा. सोन्याचं नाणं आणि रुपया यांचं प्रमाण ठरवा. रुपया सोन्यात किंवा सोनं रुपयात बदलून देण्याचं बंधन नको, पण त्या प्रमाणात दोन्ही नाणी कायदेशीर चलन म्हणून चालू द्या. म्हणजे इंजिनला एकदाचा गव्हर्नर बसवा!

दराच्या बाबतीत त्यांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला, कोणाचा फायदा? सोळा पेन्सपर्यंत खाली गेलो तर किमती वाढणार, व्यापारी वर्ग खूश होणार आणि पगारावर जगणाऱ्याची ओढाताण होणार. म्हणून एकदम तिथपर्यंत उतरायला त्यांचा विरोध होता आणि कल अठराच्या जवळ राहण्याकडे होता. सरकारची बाजू घेतली असा शिक्का बसण्याची भीती त्यांनी बाळगली नाही. ब्रिटिशांच्या चलनपद्धतीवर त्यांच्याइतकी कडक टीका तोवर थोड्याच लोकांनी केली असेल. पण सरकारविरुद्ध असलेली प्रत्येक गोष्ट गरिबाच्या फायद्याची असतेच असं नाही, हे त्यांना दिसत होतं.

कमिशनने १९२६ मध्ये १ शिलिंग ६ पेन्सची शिफारस केली. पुरुषोत्तमदास ठाकूरदास यांनी सोळा पेन्ससाठी विरोधी टिपण जोडलं. कमिशनने देशासाठी मध्यवर्ती बँक असावी असंही सांगितलं, आणि पुढे १ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँक सुरू झाली. बाबासाहेबांची सोन्याच्या टांकसाळीची योजना मात्र स्वीकारली गेली नाही.

मार्च १९२७ मध्ये अठरा पेन्सचा कायदा दिल्लीच्या विधिमंडळात थोड्या मतांच्या फरकाने मंजूर झाला. त्याच महिन्यात, २० मार्चला, बाबासाहेब महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेऊन प्यायले. ज्या देशाच्या रुपयावर त्यांनी ग्रंथ लिहिला होता, त्या देशात त्यांना आणि त्यांच्या माणसांना सार्वजनिक तळ्याचं पाणी फुकट असूनही मिळत नव्हतं. या दोन गोष्टी मला वेगळ्या वाटत नाहीत. तळं सगळ्यांच्या पैशाचं, मग पाणी कोणाला? चलन सगळ्या देशाचं, मग फायदा कोणाला? प्रश्न एकच आहे.

अठरा पेन्सचं पुढे काय झालं

पुढचं आयुष्य तुम्हाला माहीत आहे. गोलमेज परिषद, स्वतंत्र मजूर पक्ष, राज्यघटना, हिंदू कोड बिल. १९४२ ते ४६ ते व्हाइसरॉयच्या कौन्सिलमध्ये मजूर खात्याचे सभासद होते, आणि वीज व पाटबंधाऱ्यांची कामं त्यांच्याकडे आली. दामोदर खोरे योजनेची आखणी त्या काळातली. सिव्हिल आणि इलेक्ट्रिकलवाल्यांनी याची वेगळी नोंद घ्यावी! १९४७ मध्ये त्यांचं रुपयाचं पुस्तक 'हिस्टरी ऑफ इंडियन करन्सी अँड बँकिंग, खंड पहिला' या नावाने पुन्हा निघालं. १९२३ नंतरची हकीकत दुसऱ्या खंडात लिहायची होती. तो खंड कधी आला नाही. देशाची घटना लिहायचं काम मध्ये आलं, त्याला काय करणार!

आणि तो दर? १ शिलिंग ६ पेन्स, म्हणजे पौंडाला १३ रुपये ५ आणे ४ पै. १९३१ मध्ये पौंडाने सोनं सोडलं, दुसरं महायुद्ध झालं, स्वातंत्र्य आलं. सप्टेंबर १९४९ मध्ये पौंडाची डॉलरमधली किंमत उतरवली, तेव्हा आपणही रुपया तेवढाच उतरवला, त्यामुळे दोघांमधला दर तसाच राहिला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतली आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचं निधन झालं. त्या दिवशीही रुपया १ शिलिंग ६ पेन्सचाच होता. ६ जून १९६६ च्या अवमूल्यनाने पौंड २१ रुपयांचा झाला आणि जवळजवळ चाळीस वर्षांचा तो आकडा संपला. त्यानंतर १९९१ ला पुन्हा अवमूल्यन झालं आणि १९९३ पासून दर बाजारात ठरू लागला.

आपल्या पिढीला दर म्हणजे हवामानासारखा वाटतो, आज पाऊस, उद्या ऊन. रुपया घसरला की टीव्हीवर निर्यातदार खूश आणि परदेशी जाणारे विद्यार्थी नाराज, अशी बातमी येते. पण ज्याला निर्यातही करायची नाही आणि जीआरईही द्यायची नाही, ज्याला फक्त रॉकेल, तेल आणि डाळ घ्यायची आहे, त्याचं काय झालं हे बातमीत क्वचितच असतं. बाबासाहेबांनी आपला अख्खा थिसिस त्या माणसाला धरून लिहिला. ते स्वतः त्याच चाळीतून आले होते, तरी पोकळ भावनेवर न लिहिता आकडे, तक्ते आणि कायद्यांची कलमं यांच्या आधारावर लिहिलं. म्हणून तर तो परीक्षकांना खोडता आला नाही.

मित्रमैत्रिणींनो, महाराष्ट्र शासनाने त्यांच्या लेखनाचे जे खंड काढले आहेत, त्यातल्या सहाव्या खंडात हे पुस्तक आहे. आपल्या लायब्ररीत मागच्या कपाटात सापडेल. इंग्रजी अवघड नाही, तक्ते भरपूर आहेत, आणि आपल्याला तक्ते वाचायची सवय आहेच. मी कालच परत केलाय. पुढच्याने घेऊन जा.